ऑलिव्हर हेविसाइड

ऑलिव्हर हेविसाइड (१८ मे, १८५० - ३ फेब्रुवारी, १९२५) हे ब्रिटिश गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व विद्युत अभियंता होते. लांब तारेतून जाणारा संदेश वाटेत विस्कटू नये यासाठी तारेचे गुणधर्म कसे असावेत, याचे गणित त्यांनी मांडले.

जीवन

त्यांचा जन्म लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. बालपणी झालेल्या स्कार्लेट ज्वरामुळे त्यांची श्रवणशक्ती मंदावली. वयाच्या १६ व्या वर्षी त्यांचे शालेय शिक्षण संपले. तारायंत्राचे एक जनक चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे पती होते. हेविसाइड यांनी डेन्मार्क व न्यूकॅसल येथे तार कंपनीत काम केले. १८७४ मध्ये नोकरी सोडल्यावर त्यांनी पुन्हा कोठेही नोकरी केली नाही. मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरील ग्रंथ त्यांनी घरी बसून अभ्यासला. मॅक्सवेल यांच्या नावाने आज शिकवली जाणारी चार समीकरणे त्या रूपात मुख्यतः हेविसाइड यांनी आणली.

तारेचा सिद्धांत व वाद

लॉर्ड केल्व्हिन यांच्या सिद्धांतात तारेचा रोध व धारकता एवढ्याच गोष्टी धरल्या होत्या. हेविसाइड यांनी त्यात प्रवर्तकता आणि निरोधक आवरणातून होणारी गळती यांचाही समावेश केला. रोधाचे प्रवर्तकतेशी असलेले गुणोत्तर गळती व धारकता यांच्या गुणोत्तराइतके असल्यास संदेश क्षीण होतो, पण त्याचा आकार बिघडत नाही, असे त्यांनी १८८७ मध्ये दाखवले. प्रत्यक्षातील केबलमध्ये प्रवर्तकता फार कमी असते. म्हणून ती वाढवावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ब्रिटिश टपाल खात्याचे वरिष्ठ अभियंता विल्यम प्रीस यांना प्रवर्तकता हानिकारक वाटत असे. हेविसाइड व त्यांचे बंधू आर्थर यांच्या संयुक्त निबंधाचे प्रकाशन प्रीस यांनी अडवले. आर्थर त्याच खात्यात नोकरीस असल्याने त्यांना गप्प राहावे लागले. वेटोळी बसवून प्रवर्तकता वाढवण्याचे पेटंट १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांना मिळाले आणि त्यातून त्यांना मोठी रक्कम लाभली. हेविसाइड यांनी या कल्पनेचे पेटंट घेतलेच नव्हते.

१८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२२ मध्ये त्यांना पहिले फॅरेडे पदक मिळाले. अखेरची वर्षे टॉर्की येथे एकाकीपणे व आर्थिक ओढाताणीत गेली. तेथेच त्यांचे निधन झाले.

आजच्या केबलमधील उपयोग

शेजारच्या तारांचा उपद्रव टाळण्यासाठी एका वाहकाभोवती नळीसारखा दुसरा वाहक ठेवण्याचे पेटंट मात्र त्यांनी १८८० मध्ये घेतले होते. सुरुवातीचे ईथरनेट अशाच समाक्ष केबलवर चाले. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे रोधक लावत, कारण टोक मोकळे राहिल्यास संदेश परावर्तित होऊन मागे येतो. या परावर्तनाचे गणित हेविसाइड यांच्या सिद्धांतातून मिळते, आणि 'इम्पिडन्स' हा शब्दही त्यांचाच.

आता कारखान्यांत पीळ दिलेल्या जोड्यांची १०० ओहमची केबल वापरतात. मोटारींच्या जवळून ती न्यायची असल्यास धातूचे कवच असलेली निवडतात. जोडणीच्या ठिकाणी पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडल्यास किंवा केबल कोपऱ्यात दबल्यास तेथील इम्पिडन्स बदलतो व संदेशाचा काही भाग परत फिरतो. केबल अखंड दिसत असूनही जाळे अधूनमधून बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.