बिशप रेजिनाल्ड हेबर

खोपोलीच्या शिळफाट्यावरून पुण्याकडे जाणारी वाट बोरघाटास लागते. सन १८२५ च्या जून महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे पनवेलहून चौक व खोपोली या मार्गानें हाच घाट चढून पुण्यास गेले. तेव्हां आगगाडी नव्हती. घाटांतील गाडीरस्ताही पुढें १८३० सालीं खुला झाला.

हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजीं इंग्लंडांत माल्पस येथें झाला. ऑक्सफर्ड येथें शिकत असतांनाच कवि म्हणून त्यांचा लौकिक झाला. तरी त्यांनीं हॉडनेट या खेड्यांतील पाळकपण पत्करिलें व तेथें सुमारें सोळा वर्षें सेवा केली. त्यांनीं रचिलेलीं उपासनागीतें आज अनेक भाषांत गाइलीं जातात. कलकत्त्याचे पहिले बिशप मिडल्टन १८२२ सालीं वारले, तेव्हां ती जागा हेबर यांस देऊं केली. कुटुंबाच्या काळजीनें त्यांनीं प्रथम नकार दिला, पण मनाला स्वस्थता लाभेना. अखेर १८२३ सालीं ते या देशीं आले. सर्व हिंदुस्थान, सिलोन व ऑस्ट्रेलियाही त्यांच्याच देखरेखीखालीं होता. पुण्याच्या सेंट मेरी मंदिराचें समर्पण त्यांच्याच हस्तें झालें. मुसलमान धर्मांतून आलेले अब्दुल मसीह यांस त्यांनीं १८२५ सालीं दीक्षा दिली.

पुढें तंजावरास एक कठीण प्रश्न त्यांच्यापुढें आला. तेथील ख्रिस्ती मंडळींत जातिभेद उरला होता. उपासनेंत बैठक निराळी व प्रभुभोजनास येण्याची पाळीही निराळी. हेबर यांस तो बराचसा विलायतेंतील उच्चनीच दर्जासारखा वाटला. म्हणून कठोर हुकूम न काढतां त्यांनीं चौकशी नेमिली. निकाल देण्यापूर्वींच, ३ एप्रिल १८२६ रोजीं, त्रिचनापल्ली येथें तमिळ ख्रिस्ती जनांचें दृढीकरण करून परतल्यावर स्नान करीत असतां त्यांस मरण आलें. वय अवघें बेचाळीस होतें.

सात वर्षांनीं बिशप डॅनियल विल्सन यांनीं मंडळींतून जातिभेद अजिबात काढून टाकण्याची आज्ञा केली, तेव्हां पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले.

हेबर यांचें मन मृदु होतें, व तो त्यांचा मोठा गुण होता. परंतु त्यांच्या सबुरीचा भार मागें बसविलेल्या बांधवांनींच वाहिला. प्रिय वाचकहो, मंडळींत शांति राहावी म्हणून आपण एखादी गोष्ट लांबणीवर टाकितों, तेव्हां ती शांति कोणाच्या जिवावर राखिली जाते, हें एकदां पाहावें.