डहाणूचे गणितानंद : द. रा. कापरेकर



परीक्षा जवळ आली की घरोघरी एका विषयाची धास्ती पसरते, आणि तो विषय म्हणजे गणित. भाषा वाचून येते, इतिहास पाठ करून येतो. पण गणित काही केल्या डोक्यात शिरत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आपल्या डहाणू-तलासरीच्या भागात या तक्रारीला आणखी एक पुस्ती जोडली जाते. गणित हे शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतील मुलांचे काम, आपल्याकडे ते कुठून यायचे, असे मोठी माणसे मुलांच्या देखत बोलून जातात. असे बोलणे एकदा मुलाच्या मनात बसले, की पुढे शिक्षकाने कितीही जीव तोडून शिकवले तरी ते मूल फळ्याकडे पाहण्याआधीच हार मानते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणास एका माणसाची ओळख करून द्यावयाची आहे. ज्याच्या नावाचा अंक आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापला जातो, तो माणूस याच डहाणूत जन्मला. त्याचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

बालपण आणि शिक्षण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या काळी डहाणू मुंबई इलाख्यातील ठाणे जिल्ह्यात मोडत असे; आपला पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. घरची परिस्थिती बेताची. वडील कारकून होते. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि आईविना राहिलेल्या या मुलाला वडिलांनीच वाढवले.

वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, त्यासाठी आकडेमोड मात्र भरपूर करावी लागते. वडिलांची ही आकडेमोड पाहत पाहत मुलाला अंकांची गोडी लागली. हिशेब म्हणजे शिक्षा नसून जिवाला रमवणारी गोष्ट आहे, हे त्याला शाळेच्या आधी घरात कळले. पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. त्या कारकून बापाने मुलाला उच्च गणित शिकवले नव्हते, ते त्याला येतही नसावे. पण अंकांशी खेळणारा माणूस मुलाने रोज घरात पाहिला, आणि तेवढे पुरेसे ठरले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. गणिती कोडी सोडवण्यात हा मुलगा तासन्‌तास रमून जाई. १९२३ साली तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. तेथे १९२७ साली त्याला रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या नव्या गणिती लेखनासाठी ते दिले जात असे. ज्यांच्या नावाचे हे पारितोषिक, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हेही कोकणातल्या एका खेड्यातून निघून १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते. १९२९ साली कापरेकर बी. एस्सी. झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळाली या लष्करी छावणीच्या गावी ते शाळेत गणिताचे शिक्षक झाले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. मोठ्या विद्यापीठातील पद नाही, प्रयोगशाळा नाही, हाताशी यंत्र नाही. दिवसभर मुलांना त्रैराशिक आणि व्याज शिकवायचे, वह्या तपासायच्या, आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन अंकांच्या मागे लागायचे. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे शोधले, ते असे शोधले.

६१७४ ची गोष्ट

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा. तो समजण्यास वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, म्हणून वही घेऊन बसा.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक एकच असू नयेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी संख्या करा आणि चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. शून्य आले तर तेही जागेवर धरायचे.

कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. येथे येऊन संख्या थांबते. दुसरी कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ती ६१७४ ला येऊन मिळते. २०१० साली जन्मलेल्या मुलाने आपले साल घेतले तर २०८८, ८५३२ आणि ६१७४ असे तीनच पायऱ्यांत काम होते. तीन अंकी संख्यांसाठी असाच मुक्कामाचा अंक ४९५ आहे. ६१७४ ला आज जगात कापरेकर स्थिरांक म्हणतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक पाऊल पुढे जावे. मांडलेल्या अंकांतील पहिल्या व शेवटच्या अंकांच्या वजाबाकीला ९९९ ने गुणा, मधल्या दोन अंकांच्या वजाबाकीला ९० ने गुणा आणि दोन्ही मिळवा. ९५१० साठी ९ गुणिले ९९९ म्हणजे ८९९१, आणि ५ वजा १ म्हणजे ४ गुणिले ९० म्हणजे ३६०, बेरीज ९३५१. हेच उत्तर वर आले होते. ९९९ आणि ९० दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून या खेळातल्या प्रत्येक उत्तरालाही ९ ने भाग जाणारच. बीजगणितातील अक्षरे कशासाठी असतात असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण दाखवावे. एक उदाहरण सोडवून जे दिसते, ते सर्वांना लागू आहे हे अक्षरांमुळे सिद्ध करता येते.

जाता जाता सांगावेसे वाटते, की ठरलेल्या पायऱ्यांनी करायच्या अशा कृतीला संगणकाच्या भाषेत अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, आणि त्यांच्या ग्रंथाच्या नावातील अल्-जब्र या शब्दावरून अल्जिब्रा. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसांच्या हिश्शांच्या हिशेबासाठी लिहिलेला आहे. हिंदुस्थानातील अंक अरबी विद्वानांनी आत्मसात केले आणि त्यांच्याकडून ते युरोपात गेले. तेव्हा गणित हे परक्यांचे घर आहे, असे कोणाही मुलाने मानू नये.

अंकांची इतर मंडळी

कापरेकरांनी आणखी अनेक प्रकारच्या संख्या शोधून त्यांची नावे ठेवली. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. यांना कापरेकर संख्या म्हणतात. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या तयार केली, तर २१ पासून २४ होते, २४ पासून ३०. पण २० अशा रीतीने कोणापासूनच तयार होत नाही. अशा संख्येला त्यांनी स्वयंभू म्हटले. १२१, १२३२१ यांसारख्या ज्या संख्या, त्यांना डेम्लो हे नाव दिले, कारण डोंबिवली स्थानकावर गाडी बदलताना ती कल्पना त्यांना सुचली होती. गाडीची वाट पाहण्याचा वेळही या माणसाने वाया जाऊ दिला नाही.

हेटाळणी आणि चिकाटी

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुढे १९५० च्या दशकात तो एका अमेरिकन नियतकालिकातही छापून आला. पण म्हणून कौतुकाचा वर्षाव झाला असे समजू नका. आपल्या देशातील अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे. त्याचा उपयोग काय, असे विचारून ते हसत. त्यांचे अगदीच चूक होते असेही नाही. ज्याने यंत्र चालेल वा पूल उभा राहील असा हा शोध नव्हता. परंतु वजाबाकी तर हजारो वर्षे सगळेच करीत आले होते. त्या वजाबाकीत दडलेली ही गोष्ट शोधून जगापुढे ठेवली ती देवळालीच्या एका मास्तराने, हेही तितकेच खरे.

मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा कापरेकरांनी स्वखर्चाने छोट्या पुस्तिका छापल्या. शाळांनी बोलावले की ते आनंदाने जात आणि मुलांना अंकांच्या गमती सांगत. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून उतारवयातही गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून ते गुजराण करीत. अंकांचा नाद मात्र सुटला नाही.

मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. शोध लागून एकोणतीस वर्षे झाली होती, कापरेकरांचे वय सत्तर होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज संगणकाची भाषा शिकणारी मुले ६१७४ चा खेळ सरावासाठी यंत्राकडून करवून घेतात.

आपण काय घ्यावे

आपल्या भागातील मुलांची अडचण पुष्कळदा गणिताची नसून भाषेची असते. घरी कोणी उर्दू बोलतो, कोणी गुजराती, तलासरीच्या पाड्यावर कोणी वारली. जमा, तफरीक, जरब, तकसीम हे शब्द ज्याच्या कानावर आहेत, त्याच्यापुढे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे नवे शब्द म्हणून येतात. त्यात त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. एकोणनव्वद म्हटले की कानावर नव्वद पडते आणि लिहायचे असतात ८९. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा मोठा वाद झाला, तो याच अडचणीवरून. म्हणून मूल अडले की आधी पाहावे, ते हिशेबात अडले की शब्दात. प्रश्न त्याच्या बोलीत सांगून पाहा. अनेकदा उत्तर चटकन येते.

दुसरे, हाताने केल्यावाचून गणित येत नाही. आपल्या तालुक्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर मुलांना पाने, बिया आणि खडे हाती देऊन मोजायला शिकवले. ते साहित्य आजही फुकट मिळते. चिकूची पेटी भरताना, मासळीचा हिशेब करताना, दुकानात सुटे पैसे परत देताना मुलामुलींना शेजारी बसवा. आई-वडिलांना सूत्रे येत नसली तरी चालेल.

तिसरे, चुकलेल्या उत्तरावर मारू नका, हसू नका. ६१७४ पर्यंत जाताना कापरेकरांनी किती कागद भरले असतील याचा विचार करा. खोडलेली वही ही आळसाची खूण नव्हे.

आणि शेवटचे, गुण हवेतच, परीक्षा पार पडायलाच हवी; पण त्यासाठी आधी भीती जायला हवी. तेव्हा ही स्मरणिका घरी नेल्यावर आज रात्री एक काम करा. मुलाचे किंवा मुलीचे जन्मसाल वहीवर लिहा आणि वजाबाक्या सुरू करा. कोठे चुकले तर पुन्हा करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ आले, की मुलांना सांगा, हा अंक आपल्या डहाणूत जन्मलेल्या एका शाळामास्तराचा आहे.