शांती बर्धन आणि आपल्या भोपाळचे एलबीटी

जवाहर चौकापासून श्यामला हिल्स काही लांब नाही. तिथल्या ‘एलबीटी’त नाटक पाहायला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. रंगश्री लिटल बॅले ट्रुप हे संस्थेचे पूर्ण नाव. ती स्थापन करणारे शांती बर्धन मात्र संस्था भोपाळला येण्याच्या ३० वर्षे आधीच गेले. नव्या पिढीला त्यांची ओळख असावी, म्हणून हा लेख.

शांतीदांचा जन्म १९१६ साली कोमिल्ल्याचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. मणिपुरी आणि त्रिपुराची नृत्ये शिकून ते उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात दाखल झाले. हे केंद्र १९४४ मध्ये बंद पडले. तोवर बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती. मुंबईत अंधेरीला ‘इप्टा’चे मध्यवर्ती पथक उभे राहिले. कलाकार एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दिवसभर तालीम करत. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही तिथली शांतीदांची नृत्यनाट्ये गाजली. पुढे पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ बसवले गेले. त्याचे संगीत रविशंकर यांचे होते.

नाव झाले आणि नेमके तेव्हाच क्षयाने गाठले. त्या काळी हे दुखणे म्हणजे घरादाराची झोप उडवणारे. जीव वाचला, पण पूर्वीसारखे नाचणे संपले. नर्तकाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. तेच गेल्यावर दुसरा एखादा खचून बसला असता. शांतीदांनी १९५२ मध्ये मोजक्या सोबत्यांना घेऊन लिटल बॅले ट्रुप सुरू केले आणि ते दिग्दर्शनाकडे वळले.

पहिली मोठी निर्मिती ‘रामायण’. त्यात जिवंत माणसे कठपुतळ्यांसारखी हलतात. चेहऱ्यावर मुखवटे आणि हातापायांच्या झटकेदार, कोनाकोनाच्या हालचाली. राम कोण आणि रावण कोण, हे मुखवट्यावरून आणि चालीवरून ओळखायचे. नर्तकाच्या देखणेपणाला इथे भाव नाही, सगळ्या संचाचा मेळ महत्त्वाचा. मला वाटते, या कामाला दीर्घायुष्य लाभले ते यामुळेच. नर्तक बदलले तरी मुखवटा तोच आणि चालही तीच.

त्यानंतर ‘पंचतंत्र’ हाती घेतले. पशुपक्ष्यांच्या चाली माणसांच्या अंगात उतरवायच्या होत्या. ते काम पुरे होण्याआधीच १९५४ मध्ये शांतीदा गेले. वय अवघे ३८.

संस्थेला दोनच वर्षे झाली होती. गाठीला पैसा नव्हता, मुख्य आधारही गेला. अशा वेळी संस्था गुंडाळली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण पत्नी गुल बर्धन, ज्या स्वतः नर्तकी होत्या, त्यांनी कारभार हाती घेतला. नृत्यरचनेची बाजू प्रभात गांगुली यांनी सांभाळली. ‘पंचतंत्र’ पुरे होऊन रंगमंचावर आले. संस्था मुंबईहून ग्वाल्हेरला आणि १९८४ मध्ये भोपाळला आली. गुलताईंना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले.

शांतीदांना स्वतःची संस्था चालवायला दोन वर्षे मिळाली, तिला पुढे नेणारी माणसे मात्र ते घडवून गेले. आपल्यासारखी मंडळे चालवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे. पुढच्या वेळी एलबीटीत जाल, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.