दगड वाचणारी मेरी ॲनिंग

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून मेरी ॲनिंगचे चरित्र वाचताना ती मला परकी वाटली नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस येथे २१ मे १७९९ रोजी ती जन्मली. वडील सुतार, कड्यांतील जीवाश्म प्रवाशांना विकून ते चार पैसे जोडीत. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. पुढच्याच वर्षी भाऊ जोसेफला एक प्रचंड कवटी सापडली. १८१२ मध्ये उरलेला सांगाडा मेरीने हुडकला. तो इक्थिओसॉर होता! १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर उजेडात आणला.

शाळा तिला फारशी लाभली नाही. पण आजचा जीव ओळखल्यावाचून दगडातला जीव ओळखता येत नाही, हे तिने जाणले. ती मासे व माकूळ चिरून पाही. बेलेम्नाइटच्या जीवाश्मात तिला माकळासारखीच शाईची पिशवी आढळली. इक्थिओसॉरच्या पोटाजवळचे गोटे फोडताच माशांची हाडे व खवले निघाले. त्यावरूनच ती अश्मीभूत विष्ठा असल्याचे बकलंड यांनी दाखवले.

विद्वान तिने काढलेल्या सांगाड्यांवर निबंध लिहीत; त्यांत तिचे नाव बहुधा नसे. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ मध्ये! मेरी १८४७ मध्येच कर्करोगाने निवर्तली होती.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण ज्वारी जुनी की नवी, हे ती दाणा दाताखाली धरून सांगते. मेरीची ओळख होईपर्यंत त्याला मी ज्ञान म्हणत नव्हते.