हेलन केलर : शब्द मिळाले, हरवले आणि परत आले

हेलन केलरची पाण्याच्या पंपाची गोष्ट आपण वर्गात नेहमी सांगतो. तिच्या भाषाशिक्षणातला दुसरा एक प्रसंग मात्र मागेच राहतो.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया येथे झाला. ती १९ महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. मनातलं सांगता येईना, म्हणून ती चिडायची, आदळआपट करायची. मार्च १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन बाई तिला शिकवायला आल्या. त्याही लहानपणी जवळजवळ अंध होत्या. महिन्याभरातच पंपाखाली हात धरून, तळहातावर अक्षरं काढत त्यांनी तिला पाणी हा शब्द दिला. मग शब्दांची जणू रांगच लागली.

अकराव्या वर्षी हेलनने एक गोष्ट लिहिली आणि बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापून आली, कौतुक झालं. नंतर कळलं, की मार्गारेट कॅनबी यांच्या कथेशी ती फारच जुळते. ती कथा हेलनला पूर्वी कुणीतरी वाचून दाखवली होती. ती ते साफ विसरली होती.

१८९२ मध्ये शाळेतल्या मोठ्या माणसांनी तिची चौकशी केली. सुलिव्हन बाईंना बाहेर पाठवलं. एकटी मुलगी, समोर प्रश्नांवर प्रश्न! त्या रात्री ती खूप रडली. पुढे आईला पत्र लिहितानाही तिला धडकी भरे, की हे वाक्य माझंच आहे ना?

बाईंनी मात्र तिच्यावरचा विश्वास सोडला नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दल थोडं लिही, म्हणून त्या तिला समजावत राहिल्या. भीत भीत तिने लिहिलं. १९०३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि १९०४ मध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. तिथली व्याख्यानं बाईच तिच्या हातावर उमटवत. १९३६ मध्ये बाई गेल्या, तोपर्यंत ही साथ सुटली नाही. १ जून १९६८ रोजी हेलनचं निधन झालं.

भाषा शिकणारं मूल ऐकलेलंच आधी बोलतं, वाचलेलंच आधी लिहितं. वहीत दुसऱ्याचं वाक्य दिसलं, तर लगेच चोर ठरवू नका. शेजारी बसा, हे कुठे वाचलंस ते प्रेमाने विचारा. घाबरलेल्या मुलाची लेखणी पुढे सरकत नाही.