डिग्री, दमा आणि पाठीवरची सॅक

डॉक्टरकीची डिग्री नुकतीच हातात पडलीय. ज्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे शिकता शिकता काम केलं, तिथे नोकरीही मिळू शकतेय. आणि तुम्ही काय करता? सॅक भरून रेल्वे पकडता! घरी काय महाभारत झालं असतं, ते तुम्हीच इमॅजिन करा. अर्नेस्तो गेव्हारानं जुलै १९५३ मध्ये नेमकं हेच केलं. वय वर्षं २५, लहानपणापासून दमा, आणि सोबत एक बालमित्र.

हो, तोच. टी-शर्टवरचा. पण मोटरसायकलवरचा प्रवास आठवत असाल तर तो आधीचा, १९५२ चा. त्यावर सिनेमा निघाला, म्हणून तो सगळ्यांना माहीत. हा दुसरा प्रवास त्याहून फाटका. आणि माझ्या मते, जास्त महत्त्वाचा.

ठरलं होतं व्हेनेझुएलाला जायचं. पण इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात पैसे संपले. लॉजचं भाडं थकलं, अंगावरचा चांगला सूटसुद्धा विकावा लागला. तिथे भेटलेल्या अर्जेंटिनी पोरांनी ग्वाटेमालाचं नाव काढलं आणि प्लॅन बदलला. पुढचा प्रवास जहाजानं. गंमत बघा, ते जहाज होतं युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीचं. याच कंपनीच्या नावानं तो पुढे आयुष्यभर बोटं मोडणार होता.

पनामा, मग कोस्टा रिका. तिथून निकाराग्वाच्या सीमेकडे दोघं मित्र कधी लिफ्ट मागत, कधी चालत निघाले. डिसेंबर महिना, धो धो पाऊस, रस्त्याचा पार चिखल. आणि त्या चिखलातून समोरून एक गाडी आली, तर आत कोण? ग्वाटेमालाचं नाव सुचवणाऱ्या टोळक्यातलाच ओळखीचा माणूस! आपल्याकडे ताम्हिणीत भिजत उभं असताना कॉलेजचा मित्र गाडी घेऊन यावा, तसंच.

वर्षअखेरीला तो ग्वाटेमाला सिटीत पोचला. इथे अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये जमीन सुधारणा कायदा आणला होता. पडीक ठेवलेली जमीन घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची. सगळ्यात जास्त पडीक जमीन कोणाकडे? केळी कंपनीकडे. टॅक्स वाचवायला कंपनीनं कागदोपत्री जमिनीची किंमत कमी दाखवली होती. सरकारनं त्याच किमतीनं भरपाई देऊ केली. झालं, वॉशिंग्टनपर्यंत बोंबाबोंब!

आपल्या डॉक्टरसाहेबांना मात्र नोकरी मिळेना. अर्जेंटिनाची डिग्री इथे तशीच्या तशी चालत नव्हती. मग एका क्यूबन मित्राबरोबर एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताच्या तसबिरी विकणं सुरू झालं. देवळाबाहेर फोटो विकतात ना, तसलंच काम, आणि विकणारा देव न मानणारा. ‘चे’ हे नाव क्यूबन मंडळींनीच पाडलं, कारण अर्जेंटिनाची माणसं हाक मारताना सारखं ‘चे, चे’ करतात. आपलं ‘अरे’ किंवा ‘काय रे’ असतं तसं. हिल्दा गादेआ ही पेरूहून परागंदा झालेली मुलगी त्याचा पैशाअडक्याचा आधार झाली. पुढे त्यांनी लग्न केलं.

मग व्हिसा संपला. नवा हवा तर देशाबाहेर जाऊन यायला हवं. पाठीवर सॅक टाकून स्वारी एल साल्वादोरच्या सीमेवर! तिथल्या पोलिसांनी काही पुस्तकं काढून घेतली. होंडुरासचा व्हिसा मागितला, तो मिळाला नाही. मग ताझुमालचे प्राचीन अवशेष पाहून तो ग्वाटेमालात परतला आणि किरिग्वाला गेला. तिथे केळीच्या मळ्यांनी वेढलेले माया लोकांचे कोरीव शिलास्तंभ आहेत, त्यातला सर्वांत उंच दहा मीटरच्या वर. खिसा पुन्हा रिकामा. पुएर्तो बारिओस बंदरात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा डांबराची पिंपं उतरवली. दमेकरी डॉक्टरनं!

१८ जून १९५४ ला सीआयएनं उभं केलेलं सैन्य होंडुरासमधून घुसलं. राजधानीवर विमानं घिरट्या घालू लागली. अर्नेस्तोनं मदतीसाठी नाव नोंदवलं, पण आघाडीवर जायची वेळच आली नाही. २७ जूनला आर्बेन्स यांनी राजीनामा दिला. तो अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसऱ्याला गेला. मायदेशी न्यायला विमान आलं होतं, फुकट. तो चढला नाही. सप्टेंबरमध्ये त्यानं मेक्सिकोची रेल्वे पकडली.

सरकारनं लोकांच्या हाती शस्त्रं दिली नाहीत म्हणून ते पडलं, हा धडा त्यानं तिथे घेतला. मला हा धडा अर्धाच वाटतो, कारण क्यूबात १९५९ मध्ये क्रांती जिंकल्यावर ला काबान्या किल्ल्यात त्याच्या देखरेखीखाली गोळ्या घालून मृत्युदंड दिले गेले. टी-शर्टवर हे मावत नाही.

मेक्सिकोत तो बागांमध्ये लोकांचे फोटो काढून पोट भरायचा. १९५५ च्या जुलैत फिडेल कॅस्ट्रो भेटला आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९५९ मध्ये क्यूबाचा प्रतिनिधी म्हणून तो दिल्लीत नेहरूंनाही भेटून गेला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यानं शेवटची सीमा ओलांडली, बोलिव्हियाची. डोक्याला टक्कल, डोळ्यांवर चष्मा, हातात उरुग्वेचा खोटा पासपोर्ट. अकरा महिन्यांनी, ९ ऑक्टोबर १९६७ ला, ला हिगेरा गावातल्या शाळेच्या खोलीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.