आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी

हंगेरी देशातील बुडापेस्ट नगरीत इ. स. १८९३ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचा जन्म झाला. पेशींतील ज्वलन व ‘क’ जीवनसत्त्व यांवरील संशोधनाबद्दल १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. स्नायू आकुंचन पावतो तो कसा, या प्रश्नाचा त्यांना ध्यास लागला.

दुसरे महायुद्ध पेटले होते. जगाशी संपर्क तुटलेल्या सेगेदच्या प्रयोगशाळेत त्यांनी सशाच्या स्नायूंतील मायोसिन या प्रथिनाचे बारीक धागे बनविले. त्यांवर एटीपी हे शक्तिदायक द्रव्य पडताच ते निर्जीव धागे आकसले! मात्र काही मायोसिन मुळीच आकसेना. असे का व्हावे? तरुण सहकारी ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ साली हे कोडे उलगडले. आकसणाऱ्या मायोसिनला दुसरे एक प्रथिन जडलेले होते. ते ॲक्टिन होय. हा शोधनिबंध एकट्या स्ट्राउब यांच्या नावे प्रसिद्ध झाला. सेंट-ज्यॉर्जींनी त्यात आपले नाव घातले नाही.

नाझींना विरोध केल्यामुळे पुढे सेंट-ज्यॉर्जींना लपून राहावे लागले. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले व १९८६ साली तेथेच निवर्तले. ॲक्टिनचे तंतू प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशींतही असतात आणि अनेक प्रथिने त्यांना जडून पेशीला आकार व गती देतात, हे आज आपण जाणतो. एकट्या प्रथिनाला जे साधत नाही, ते दोघांच्या संयोगाने साधते.